डिस्टोपिया म्हणजे काय? भयाण भविष्याचे सिनेमे राजकारणाचं हत्यार कसे बनतात?

नोव्हेंबर २०१४. थायलंडमध्ये लष्करानं सत्ता हाती घेऊन सहा महिने झाले होते. लष्करप्रमुख असताना उठाव करून पंतप्रधान झालेले प्रयुत चान-ओचा ईशान्येकडच्या खोन केन शहरात भाषण करत होते. समोर बसलेले पाच विद्यार्थी अचानक उभे राहिले आणि त्यांनी हाताची तीन बोटं वर केली. घोषणा नाही, दगडफेक नाही. तरी सुरक्षारक्षकांनी त्यांना तिथून नेलं आणि ताब्यात घेतलं.

तीन बोटांत असं काय होतं? ती खूण 'द हंगर गेम्स' या हॉलिवूडपटातली होती. त्याच आठवड्यात या मालिकेचा पुढचा भाग प्रदर्शित होत होता आणि बँकॉकमधल्या काही थिएटरांनी त्याचे खेळच रद्द केले. किशोरवयीन प्रेक्षकांसाठी बनलेल्या सिनेमाची एका लष्करी राजवटीला धास्ती वाटली.

'हंगर गेम्स' ज्या प्रकारात मोडतो त्याला 'डिस्टोपिया' म्हणतात. सोशल मीडियावर हा शब्द आता सर्रास दिसतो. कुठे कॅमेरे बसले, कुठे इंटरनेट बंद झालं, की कमेंटमध्ये कुणीतरी "१९८४ आलं" असं लिहून जातं. हा शब्द आला कुठून आणि असले सिनेमे राजकारणात नेमके कसे वापरले जातात, ते पाहू.

डिस्टोपिया म्हणजे नेमकं काय?

१५१६ मध्ये थॉमस मोर या इंग्रज विचारवंतानं एका काल्पनिक आदर्श बेटाचं वर्णन करणारं पुस्तक लिहिलं. त्याचं नाव 'युटोपिया'. ग्रीक शब्दांवरून बनवलेल्या या नावाचा अर्थ 'कुठेच नसलेली जागा'. पुढे आदर्श समाजाला युटोपिया म्हणायची पद्धत पडली. त्याच्या बरोबर उलट तो डिस्टोपिया. १८६८ मध्ये जॉन स्टुअर्ट मिल यांनी ब्रिटिश संसदेत सरकारच्या आयर्लंडविषयक धोरणावर टीका करताना या शब्दाचं एक रूप वापरलं होतं. म्हणजे सिनेमाचा जन्म होण्याआधीच हा शब्द राजकीय टोला म्हणून वापरात आला होता.

मराठीत त्याला नेमका रूढ प्रतिशब्द नाही. 'रामराज्याच्या उलट' म्हटलं तर अर्थ जवळपास कळतो, पण पूर्ण नाही. आपण अंदाधुंद कारभाराला 'बजबजपुरी' म्हणतो. बजबजपुरीत नियम कुणीच पाळत नाही. डिस्टोपियात नियम कुणालाच मोडता येत नाही. तिथे रस्ते स्वच्छ असतात, गाड्या वेळेवर धावतात, सगळं शिस्तीत चालतं. फक्त माणसाला आपल्या मनासारखं बोलता, वाचता, प्रेम करता येत नाही. आणि बहुतेक वेळा हे सगळं तुमच्याच भल्यासाठी चाललंय, असं सरकार किंवा कंपनी सांगत असते.

म्हणूनच जगबुडीचे किंवा परग्रहवासीयांच्या हल्ल्याचे सगळे सिनेमे डिस्टोपियन नसतात. डिस्टोपियात संकट आभाळातून पडत नाही, माणसांनी बनवलेल्या व्यवस्थेतून येतं. व्यवस्था आली की प्रश्न येतो, ती कुणी बनवली? तिथून राजकारण सुरू होतं.

'मेट्रोपोलिस': एका घरात लिहिलेला सिनेमा, दोन वाटा

डिस्टोपियन सिनेमाची गोष्ट बहुतेक वेळा फ्रिट्झ लँग या दिग्दर्शकाच्या 'मेट्रोपोलिस'पासून सांगितली जाते. जानेवारी १९२७ मध्ये तो बर्लिनमध्ये प्रदर्शित झाला. वर गगनचुंबी इमारतींत श्रीमंतांची चैन, खाली जमिनीच्या पोटात यंत्रांना जुंपलेले कामगार, असं हे शहर. सिनेमावर इतका पैसा खर्च झाला की 'उफा' ही निर्मिती कंपनी मोडकळीला आली.

कामगारांची पिळवणूक दाखवणारा सिनेमा म्हणजे डाव्या विचाराचा असणार, असं वाटेल. पण शेवटी क्रांती होत नाही. मालक आणि कामगारांचा मुकादम यांचं हस्तांदोलन होतं. वर्गसंघर्ष नको, सगळ्यांना जोडणारा एक मध्यस्थ हवा, असा त्याचा सूर आहे. हा सूर नाझींना आवडला. गोबेल्सही या सिनेमाचा चाहता होता.

पटकथा लिहिली होती लँगची पत्नी थिया फॉन हार्बो हिनं. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले, लँगच्या 'डॉ. माबुझे'वरच्या नव्या सिनेमावर बंदी आली आणि त्यानं जर्मनी सोडली. थिया तिथेच राहिली आणि पुढे नाझी पक्षाची सदस्य झाली. दोघांचा घटस्फोट झाला. त्यानंतर थियानं जर्मनीत शिकायला गेलेले मराठी पत्रकार आयी गणपत तेंडुलकर यांच्याशी गुपचूप लग्न केलं, कारण नाझी राजवटीत असं लग्न उघडपणे करणं शक्य नव्हतं. तेंडुलकर नंतर भारतात परतले. त्यांची ही कहाणी त्यांची मुलगी लक्ष्मी तेंडुलकर धौल यांनी पुस्तकरूपानं लिहिली आहे.

एकच सिनेमा घडवणारे दोघं राजकारणाच्या दोन टोकांना गेले. सिनेमा मात्र तोच राहिला. पुढच्या शंभर वर्षांत हे पुन्हा पुन्हा घडणार होतं.

शेवट बदलणारी गुप्तहेर संस्था

डिस्टोपियाचा सगळ्यात चर्चिला गेलेला लेखक म्हणजे जॉर्ज ऑरवेल. खरं नाव एरिक ब्लेअर, जन्म १९०३ चा, बिहारमधल्या मोतिहारीचा. वडील ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात नोकरीला होते. ऑरवेल समाजवादी होता, स्पेनच्या यादवी युद्धात फ्रँकोच्या विरोधात लढला होता. पण स्टालिनच्या रशियानं समाजवादाचा गळा घोटला, असं त्याचं ठाम मत होतं. 'अ‍ॅनिमल फार्म' आणि '१९८४' ही पुस्तकं त्यातून आली.

जानेवारी १९५० मध्ये ऑरवेल गेला. त्यानंतर त्याच्या पत्नीकडून 'अ‍ॅनिमल फार्म'चे चित्रपट हक्क विकत घेतले गेले आणि ब्रिटनमध्ये जॉन हॅलस आणि जॉय बॅचेलर या जोडप्यानं त्यावर अ‍ॅनिमेशनपट बनवला. तो १९५४ मध्ये आला. त्यामागचा पैसा अमेरिकेच्या सीआयए या गुप्तहेर संस्थेचा होता. ही गोष्ट उघड व्हायला काही दशकं गेली.

पैसा देणाऱ्यांना एक अडचण होती, पुस्तकाचा शेवट. त्यात क्रांती करून सत्तेवर आलेली डुकरं आणि शेजारचे माणूस-मालक एका टेबलावर बसतात. खिडकीतून पाहणाऱ्या प्राण्यांना डुक्कर कोण आणि माणूस कोण, हेच कळेनासं होतं. म्हणजे ऑरवेलच्या लेखी नवे हुकूमशहा आणि जुने भांडवलदार शेवटी सारखेच. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेला हे कसं चालणार? सिनेमातल्या शेवटच्या दृश्यातून माणसं गायब झाली. राहिली फक्त डुकरं, आणि इतर प्राणी त्यांच्यावर चाल करून जातात. दोघांवर असलेला आरोप एकावरच उरला.

पुस्तकावर बंदी घातली असती तर लोकांनी ते चोरून वाचलं असतं. इथे पुस्तकाची जाहिरातच झाली, फक्त त्याची एक बाजू कापली गेली. ऑरवेल समाजवादी होता, हे आजही अनेकांना ऐकून आश्चर्य वाटतं, त्यामागे या प्रचाराचाही हात आहे.

'१९८४'चा वापर बाजारानंही केला. २२ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेतल्या सुपर बोल सामन्यादरम्यान अ‍ॅपलची मॅकिंटॉश संगणकाची जाहिरात लागली. दिग्दर्शक होता 'ब्लेड रनर'वाला रिडली स्कॉट. पडद्यावरच्या हुकूमशहावर एक तरुणी हातोडा फेकते आणि पडदा फुटतो. आयबीएम म्हणजे हुकूमशहा, अ‍ॅपल म्हणजे मुक्ती, असा इशारा होता. २०२० मध्ये 'फोर्टनाइट' गेम बनवणाऱ्या एपिक कंपनीचा अ‍ॅपलशी वाद झाला, तेव्हा एपिकनं याच जाहिरातीची नक्कल काढली. त्यात हुकूमशहाच्या जागी अ‍ॅपल होती.

मुखवटा आंदोलकांचा, रॉयल्टी स्टुडिओची

पांढरा चेहरा, वर वळलेल्या मिश्या, ओठांवर हसू. हा मुखवटा तुम्ही नक्की पाहिला असेल. १६०५ मध्ये ब्रिटिश संसद उडवून देण्याच्या कटात पकडलेल्या गाय फॉक्सचा हा चेहरा. अ‍ॅलन मूर आणि डेव्हिड लॉइड यांनी १९८० च्या दशकात 'व्ही फॉर व्हेंडेटा' ही चित्रकथा केली, तिचा नायक हा मुखवटा घालतो. २००६ मध्ये त्यावरचा सिनेमा जगभर प्रदर्शित झाला.

मूरच्या चित्रकथेत सामना होता फॅसिझम आणि अराज्यवाद यांचा. सिनेमानं ती कथा बुश काळातल्या अमेरिकी राजकारणाच्या चौकटीत बसवली, अशी तक्रार करून मूरनं आपलं नाव सिनेमातून काढायला लावलं.

लोकांनी मात्र चित्रकथा आणि सिनेमा दोन्ही बाजूला ठेवून फक्त मुखवटा उचलला. २००८ मध्ये 'अ‍ॅनोनिमस' या हॅकर समूहानं तो निदर्शनांत घातला, २०११ मध्ये 'ऑक्युपाय वॉल स्ट्रीट'मध्ये तो सगळीकडे दिसू लागला. २०१३ मध्ये बहारीननं त्याच्या आयातीवरच बंदी घातली. गंमत अशी की या मुखवट्याचे हक्क टाइम वॉर्नर या बलाढ्य कंपनीकडे होते. भांडवलशाहीविरोधात मोर्चा काढायला अधिकृत मुखवटा विकत घेतला की रॉयल्टी त्याच कंपनीला जायची.

म्हणून मुखवटा निरुपयोगी ठरला का? तसं नाही. न्यूयॉर्कमध्ये तो फॅशन असू शकतो. बहारीनमध्ये तो घालणं हा धोका होता. एकाच वस्तूची किंमत दोन ठिकाणी वेगळी होती.

तीन बोटांचा प्रवास

'हंगर गेम्स'मधल्या पानेम या देशात राजधानीच्या हुकमतीखाली बारा जिल्हे आहेत. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून एक मुलगा आणि एक मुलगी निवडली जाते. ही चोवीस मुलं एकमेकांना मारतात आणि सारा देश ते टीव्हीवर बघतो. तीन बोटांची खूण मुळात बाराव्या जिल्ह्यातली. जिवाभावाच्या माणसाला निरोप देताना ती करायची. हळूहळू ती बंडाची खूण बनते. दुसऱ्या भागात एक म्हातारा गर्दीतून ती करतो आणि शिपाई त्याला सगळ्यांसमोर गोळी घालतात.

थायलंडमध्ये २०१४ च्या उठावानंतर पाच किंवा त्याहून जास्त लोकांनी राजकीय कारणानं एकत्र जमायला बंदी होती. घोषणा दिली की अटक. अशा वेळी लोकांना अशी खूण हवी होती जी सगळ्यांना कळेल पण कायद्याच्या पुस्तकात नसेल. तीन बोटं म्हणजे स्वातंत्र्य, समता, बंधुता, असाही अर्थ काहींनी लावला. सरकारनं या खुणेवर कारवाईचा इशारा दिला. बँकॉकमध्ये '१९८४' हातात घेऊन सँडविच खाणाऱ्या एकालाही पोलिसांनी पकडलं. आपली तुलना कादंबरीतल्या हुकूमशाहीशी होऊ नये म्हणून सरकार जे करत होतं, त्यानंच ती तुलना पक्की होत होती.

२०२० च्या थाई आंदोलनात तीन बोटं पुन्हा वर आली. १ फेब्रुवारी २०२१ ला शेजारच्या म्यानमारमध्ये लष्करी उठाव झाला आणि ही खूण तिथेही पोचली. त्याच महिन्यात म्यानमारचे संयुक्त राष्ट्रांतले राजदूत क्याव मो तुन यांनी आमसभेत लष्कराविरोधात भाषण केलं आणि शेवटी तीन बोटं उंचावली. दुसऱ्या दिवशी लष्करानं त्यांना पदावरून काढल्याचं जाहीर केलं.

हाँगकाँगचा 'टेन इयर्स': दहा वर्षांनंतरचं शहर

आतापर्यंतच्या उदाहरणांत लोकांनी परक्या सिनेमातली खूण उसनी घेतली. हाँगकाँगमध्ये लोकांनी स्वतःचाच डिस्टोपिया बनवला.

१९९७ मध्ये ब्रिटननं हाँगकाँग चीनकडे सोपवलं, तेव्हा पन्नास वर्षं तिथली वेगळी व्यवस्था कायम राहील असं ठरलं होतं. २०१४ मध्ये खऱ्या निवडणुकीच्या मागणीसाठी तरुणांनी ७९ दिवस रस्ते अडवले. हातात काही पडलं नाही. त्या निराशेत पाच तरुण दिग्दर्शकांनी एक प्रश्न घेतला, दहा वर्षांनी आपलं शहर कसं असेल? पाच लघुकथांचा 'टेन इयर्स' डिसेंबर २०१५ मध्ये आला. खर्च जेमतेम पाच लाख हाँगकाँग डॉलर.

यात रोबो नाहीत, उडत्या गाड्या नाहीत. एका कथेत टॅक्सीचालकाला मँडरिन नीट बोलता येत नाही. त्याची भाषा कँटोनीज. मँडरिनची परीक्षा पास न झालेल्या चालकांना ठरावीक ठिकाणी प्रवासी घ्यायला मनाई आहे. आपल्याच गावात आपलीच भाषा बोलणारा माणूस हळूहळू अडाणी ठरतो. दुसऱ्या एका कथेत गणवेशातली शाळकरी मुलं दुकानं तपासत फिरतात. अंड्यांवर 'स्थानिक' अशी पाटी लावलेली असते आणि 'स्थानिक' हा शब्दच बंदीच्या यादीत असतो. आणखी एका कथेत राष्ट्रीय सुरक्षा कायद्याला लोकांचा पाठिंबा मिळावा म्हणून खोटा हल्ला घडवून आणला जातो.

सिनेमानं खर्चाच्या दहापटीहून जास्त कमाई केली. तरीही खेळ थांबले. मग लोकांनी विद्यापीठं, समाजमंदिरं आणि पुलांखालच्या मोकळ्या जागांत पडदे लावून तो पाहिला. एप्रिल २०१६ मध्ये हाँगकाँग फिल्म अवॉर्ड्समध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला, पण चीनच्या मुख्य भूमीवर या सोहळ्याचं प्रक्षेपण आधीच रद्द झालं होतं. चिनी सरकारी वृत्तपत्र 'ग्लोबल टाइम्स'नं या सिनेमाला वैचारिक विषाणू म्हटलं होतं.

पुढे २०१९ मध्ये हाँगकाँगमध्ये प्रचंड आंदोलन झालं आणि जून २०२० मध्ये बीजिंगनं तिथे राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू केला. २०२१ मध्ये सेन्सॉरचे नियम बदलून, आधी मंजूर झालेल्या सिनेमाचा परवानाही राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणानं काढून घेण्याची सोय झाली.

मग 'टेन इयर्स'नं भविष्य सांगितलं का? सिनेमातला हल्ला बनावट होता, प्रत्यक्षात लाखो लोक रस्त्यावर आले होते. तपशील जुळत नाहीत. दिग्दर्शकांनी ज्योतिष सांगितलंच नव्हतं. भाषेवरचा दबाव, शब्दांची भीती, शेजाऱ्यावर नजर, हे २०१५ मध्ये त्यांना आसपास दिसत होतं. त्यांनी फक्त ते थोडं पुढे ढकललं. सिनेमाच्या शेवटी पडद्यावर 'उशीर झाला आहे' अशा अर्थाची अक्षरं येतात आणि बदलून 'अजून उशीर झालेला नाही' अशी होतात.

एक सिनेमा, दोन शत्रू

डिस्टोपियात खलनायक बहुधा बिनचेहऱ्याचा असतो. त्यामुळे तिथे आपल्याला नको असलेला चेहरा बसवणं सोपं जातं.

जॉन कार्पेंटरचा 'दे लिव्ह' हा १९८८ चा सिनेमा. खास चष्मा घातला की जाहिरातींमागचे खरे हुकूम आणि माणसांच्या वेशातले परग्रहवासी दिसतात. कार्पेंटरचा रोख रेगन काळातल्या बेलगाम भांडवलशाहीवर होता. पण इंटरनेटवरच्या नवनाझींनी तो ज्यूंविरोधी सिनेमा आहे असं पसरवलं. शेवटी जानेवारी २०१७ मध्ये कार्पेंटरला स्वतः ट्वीट करून ते खोटं आहे असं सांगावं लागलं. 'मेट्रिक्स'मधली लाल गोळीही अशीच पळवली गेली. सत्य दाखवणारी ही गोळी पुढे स्त्रीवादविरोधी आणि कट्टर उजव्या ऑनलाइन गटांची परवलीची खूण बनली.

२०२१ मध्ये 'स्क्विड गेम' या कोरियन मालिकेचंही तेच झालं. दक्षिण कोरियातल्या कामगार संघटनांच्या मोर्चात त्या मालिकेतले पोशाख दिसले. आणि उत्तर कोरियाच्या प्रचार यंत्रणेनं त्याच मालिकेचा दाखला देऊन 'बघा, दक्षिणेत कसं क्रूर जग आहे' असं सांगितलं.

आणि भारतात?

२०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर 'लैला' ही मालिका आली. प्रयाग अकबर यांच्या कादंबरीवर आधारलेली, दीपा मेहता आणि इतर दोघांनी दिग्दर्शित केलेली. 'आर्यावर्त' नावाच्या देशात शुद्धतेच्या नावाखाली वस्त्यांभोवती भिंती उभ्या आहेत, पाणीही सगळ्यांना सारखं मिळत नाही आणि एक आई आपल्या मुलीला शोधते आहे. काहींना तो वेळेवरचा इशारा वाटला. काहींना हिंदू समाजाची बदनामी वाटली, आणि नेटफ्लिक्सविरोधात मुंबई पोलिसांकडे झालेल्या एका तक्रारीत या मालिकेचंही नाव होतं. दिबाकर बॅनर्जी यांच्या 'तीस' या सिनेमात एका कुटुंबाच्या तीन पिढ्या आहेत, श्रीनगर, मुंबई आणि २०४२ ची दिल्ली. तो नेटफ्लिक्ससाठी बनला, पण नेटफ्लिक्सनं प्रदर्शित केला नाही.

मग या सिनेमांचा उपयोग काय?

सिनेमा पाहून सरकारं पडत नाहीत. थायलंडमध्ये तीन बोटांनी लष्कर हटलं नाही, हाँगकाँगमध्ये 'टेन इयर्स'नं कायदा थांबला नाही. उलट असे सिनेमे पाहून 'आपल्याकडे एवढं वाईट नाही' असा दिलासा मिळण्याचाही धोका असतो.

पण जिथे बोलायला बंदी असते तिथे या सिनेमांनी लोकांना शब्द आणि खुणा दिल्या. अनोळखी माणसं एकमेकांना न बोलता ओळखू शकली. हे काम लहान नाही. ते लहान असतं तर तीन बोटांसाठी कुणाला अटक करावी लागली नसती.

तेव्हा पुढच्या वेळी फीडमध्ये डिस्टोपियाचं मीम आलं की शेअर करण्याआधी दोन गोष्टी तपासता येतील. एक, मूळ कथेचा रोख ज्यांच्यावर होता त्यातलं कुणी या मीममधून गुपचूप वगळलंय का, जसं 'अ‍ॅनिमल फार्म'च्या शेवटातून माणसं वगळली होती. दोन, ही खूण करणाऱ्याला ती करण्याची काय किंमत मोजावी लागतेय. लाइक मिळवण्यासाठी टाकलेलं '१९८४' आणि चौकात उभं राहून वाचलेलं '१९८४' यांतला फरक त्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात सापडतो.